तीन आकडी पत

देशातला पहिला आधार क्रमांक कुठे दिला गेला, असं विचारलं तर बहुतेक जण दिल्लीचं नाव घेतील. तो दिला गेला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी मुद्दाम या आडबाजूच्या गावी आले होते. त्या बारा आकड्यांचा पुढे देशभर किती गाजावाजा झाला, ते आपण पाहिलंच. याच जिल्ह्यातल्या माणसांच्या नावामागे आता आणखी एक आकडा लागतो आहे, अवघा तीन आकड्यांचा. त्याचा समारंभ होत नाही, तो टपालाने घरी येत नाही, आणि आपल्याला असा काही आकडा आहे हेच पुष्कळांना कळतं ते बँकेच्या काउंटरवर: "भाऊ, तुमचं सिबिल खराब आहे."

इथे ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं, आणि ते साहजिक आहे. पण राग जरा बाजूला ठेवून या आकड्याकडे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. कधीही न भेटलेल्या माणसाला पैसे द्यावेत की नाही, हा जगातला एक अतिशय जुना प्रश्न. त्याचं उत्तर ३०० ते ९०० यांच्यामधल्या एका संख्येत बसवण्याचा उद्योग कुणीतरी केला आणि तो बऱ्यापैकी चालतोही, ही गोष्ट साधी नाही. हे यंत्र नीट कळायला मुंबईच्या मॉलपेक्षा याच जिल्ह्यातलं तोरणमाळ बरं, कारण तिथे त्याची ताकद दिसते आणि त्याचं आंधळेपणही.

शहाद्याहून सातपायरीचा घाट चढला की साडेअकराशे मीटरांच्या आसपासच्या उंचीवर तोरणमाळ लागतं. यशवंत तलाव, सीताखाईचा कडा, पावसाळ्यात हाताच्या अंतरावरचं दिसू न देणारं धुकं. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला गर्दी होते. उन्हाळ्यात सगळ्या अक्राणी परिसरात कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर तयार होतं आणि धडगाव-मोलगीच्या व्यापाऱ्यांकडे जातं. पावसाळी सुट्ट्यांत पर्यटक येतात. दिवाळीनंतर डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. थोडक्यात, इथला पैसा डोंगरातल्या ओढ्यासारखा आहे: आला की धो धो, गेला की कोरडाठाक. आणि पत मोजणारं यंत्र तर महिन्याचं. हप्ता दर महिन्याला, हिशेबही महिन्यामहिन्याचा. सगळी गंमत आणि सगळी गोची या एका विसंगतीत आहे.

समजा, घाटात काळी-पिवळी चालवणारा एक जीपवाला आहे. गाडी फायनान्सवर घेतलेली. दोन वर्षं हप्ते सुरळीत गेले. मग एका पावसाळ्यात दरड आली, रस्ता बंद, पर्यटक नाहीत, घरात आजारपण. तीन हप्ते थकले. पुढे यात्रा आली, धंदा झाला, त्याने थकलेलं सगळं दंडासकट भरून टाकलं. त्याच्या लेखी विषय संपला. आता त्याच्या पत-अहवालातली त्या काळाची पट्टी पाहा. महिन्यामहिन्याचे चौकोन, आणि प्रत्येकात तीन आकडे, म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा आहे ते: ०००, ०००, ०००, मग ०३१, ०६२, ०९२, आणि पुन्हा ०००. संपूर्ण पावसाळा त्या तीन चौकोनांत येऊन बसला. ०९२ लिहायला जागा आहे, दरड लिहायला रकाना नाही.

नव्वद दिवसांचा हा उंबरठा बँकांच्या जगात फार मोठा आहे. तो ओलांडला की कर्ज अनुत्पादक ठरतं. पण शेतीच्या पीककर्जाला याच नियमांनी वेगळं माप दिलं आहे: कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम उलटेपर्यंत ते कर्ज थकीत मानून बाजूला काढत नाहीत. म्हणजे व्यवस्थेला हंगाम कळतो, फक्त ज्वारी-मक्याचा कळतो, जीपचा कळत नाही. तोरणमाळमध्ये तर दोन्हीचा हंगाम एकाच आभाळावर अवलंबून.

आता हे सगळं लिहून ठेवतं कोण? आपल्याकडे 'सिबिल' हे अशा नोंदीचं जणू घरगुती नाव झालं आहे. ती कंपनी २००० साली मुंबईत स्थापन झाली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या कर्जदारांचा हिशेब त्यांच्याकडे पाठवतात. पूर्वी महिन्यातून एकदा, आता निदान पंधरा दिवसांतून एकदा. त्या ढिगातून गणित एकच प्रश्न विचारतं: या माणसासारखी ज्यांची नोंद होती, त्यांच्यापैकी किती जण पुढे मोठ्या थकबाकीत गेले? वेळेवर फेड, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापर, खाती किती जुनी, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, यावर आकडा ठरतो.

त्या आकड्यात काय नाही, हे जास्त आश्चर्याचं आहे. जात नाही, धर्म नाही. बचत खात्यात किती शिल्लक आहे ते नाही, मुदतठेव नाही, सोनं नाही. सातबारा तर नाहीच. चाळीस एकर बागायतीचा मालक साडेपाचशेवर असू शकतो आणि भाड्याच्या खोलीत राहणारी अंगणवाडी सेविका पावणेआठशेवर.

सातबारा नसणं तोरणमाळसाठी किती मोठी गोष्ट आहे, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. कर्जापायी जमीन जाणं हा या पट्ट्याचा इतिहास आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने भिल्ल आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढा उभारला. १९७४ मध्ये राज्याने कायदे केले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून बंधनं घट्ट केली आणि गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. पुढे २००६च्या वनहक्क कायद्याने जे वनपट्टे मिळाले, ते वारसाने जातात, पण विकता येत नाहीत. हे सगळं योग्यच झालं. पण जी जमीन सहजी विकता येत नाही ती बँकेच्या नजरेत कच्चं तारण ठरते, आणि डोंगरातला माणूस तारणाच्या परीक्षेत आधीच मागे पडतो. जमिनीबद्दल काहीच न विचारणारा हा तीन आकडी मापदंड म्हणूनच मला इथे खरा कामाचा वाटतो. अट एवढीच की माणसाच्या नावावर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं हवं.

कारण तोरणमाळची मोठी अडचण खराब आकड्याची नाहीच. ज्याने कधी बँकेचं कर्जच घेतलं नाही त्याच्या अहवालात आकड्याच्या जागी येतो उणे एक. शून्यही नाही! ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडतं, वर्षानुवर्षं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो, अंगावर पैसे घेतो, वर्षभर राबून ते उतरवतो. आमचुराचा व्यापारी कैरी झाडावर असतानाच आगाऊ रक्कम देतो. हे सगळं कर्जच आहे आणि त्याची फेड घामाने होते, पण यातली एकही ओळ मुंबईच्या त्या यंत्रापर्यंत पोचत नाही. फेडण्याची सवय आहे, साक्षीदार नाही. १९७८ साली सरकारने खावटी कर्ज सुरू केलं, ते पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत आदिवासी कुटुंबाला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. तेव्हाही प्रश्न हाच होता: पैसे नेमके कोणत्या महिन्यांत नसतात, हे कुणाला माहीत आहे?

माणसांची पत नोंदवणारी वही ठेवण्याची कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कचा रेशीम व्यापारी लुईस टॅपन १८३७च्या मंदीत पोळला आणि १८४१ मध्ये त्याने एक कचेरी काढली. गावोगावचे वकील, पोस्टमास्तर त्याला स्थानिक दुकानदारांची खबर लिहून पाठवायचे: फेड कशी, दारू पितो का, बायकोकडचे लोक पैसेवाले आहेत का. या खबऱ्यांत इलिनॉयमधला एक तरुण वकीलही होता, अब्राहम लिंकन. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात बिल फेअर या अभियंत्याने आणि अर्ल आयझॅक या गणितज्ञाने कंपनी काढली आणि चहाड्यांच्या जागी आकडेमोड आणली. टॅपनच्या वहीत माणसाचा स्वभाव लिहायचे, यांच्या गणितात फक्त वागणूक.

आपल्याकडची वही सावकाराच्या दुकानात असायची आणि ती वाचता येणारा माणूस एकच, स्वतः सावकार. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी उठाव केला तो रोख्यांवर आणि वह्यांवर. कागद जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या त्या उद्रेकानंतर १८७९चा शेतकरी संरक्षण कायदा आला. आजची वही जाळता येत नाही, पण एक फरक मोठा आहे: ती आपल्याला वाचायला मिळते आणि चूक असेल तर दुरुस्तही करून घेता येते.

आता जीपवाल्याकडे परत. त्याला क्रेडिट कार्ड हवं आहे. डिझेल, टायर, विमा, सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा चाळीस-पन्नास दिवसांची उसंत मिळावी, एवढीच गरज. अर्ज केला, नकार आला. दुसऱ्या बँकेत केला, तिथेही नकार. इथे एक मेख आहे: कर्ज किंवा कार्डासाठी केलेला प्रत्येक अर्ज चौकशी म्हणून अहवालात नोंदला जातो, आणि थोड्या दिवसांत दहा दारं ठोठावणारा माणूस गणिताला अडचणीत आलेला दिसतो. नकार मिळाला म्हणून आणखी अर्ज, अर्ज वाढले म्हणून आणखी नकार.

यातून निघायची जी वाट आहे ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. मुदतठेवीवरचं कार्ड. माणसाने बँकेत, समजा, २०,००० रुपयांची मुदतठेव ठेवायची. बँक त्या ठेवीवर आपला हक्क नोंदवते आणि तिच्या ७५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान मर्यादेचं कार्ड देते; ८० टक्के धरले तर १६,००० रुपयांचं. ठेवीवर व्याज चालूच राहतं. जुना आकडा खराब असला तरी बँकेला फारशी भीती नाही, कारण बुडालं तर ठेव हातात आहे. म्हणजे घडतं काय? आपलेच पैसे बँकेकडे ठेवायचे, बँकेने आपल्याला तेवढ्याचीच उधारी द्यायची, आणि ती आपण वेळेवर फेडायची. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ पोरखेळ वाटेल. पण बँक पाठवते त्या नोंदीत हे कार्ड इतर कुठल्याही कार्डासारखंच जातं आणि त्याच्या पट्टीत एक चौकोन भरतो: ०००. पुढच्या महिन्यात आणखी एक. अहवालात दिसणारी पट्टी साधारण छत्तीस महिन्यांची असते. जीपचे हप्ते चालू असतील तर त्या कर्जाच्या पट्टीतही नवे चौकोन पुढे येतात तसे जुने मागे सरकतात, आणि त्या पावसाळ्याचा ०९२ एक दिवस पट्टीच्या बाहेर जातो. जुन्या खात्याची नोंद काही पुसली जात नाही, कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची असते. पण ताज्या वागणुकीचं वजन वाढत जातं. ज्याच्या नावापुढे उणे एक आहे त्यालाही हेच दार उघडं आहे.

कार्ड आल्यावर त्याचा वापर मुद्दाम थोडा ठेवायचा. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, असा सल्ला सगळे देतात. तो कायदा नव्हे, अनुभवाचा अंदाज. १६,००० मर्यादा असेल तर महिन्याला चार-साडेचार हजारांचं डिझेल, आणि बिल आलं की सगळंच्या सगळं चुकतं करायचं. तोरणमाळला रेंज कधी असते कधी नसते, ओटीपी येता येता राहतो, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट पाहणं हा शहरी लाड आहे. अर्थात रिझर्व्ह बँकेने एक दिलासा दिला आहे: देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त बिल थकलं तरच कार्ड कंपनी ते थकीत म्हणून कळवू शकते किंवा उशिराचा दंड लावू शकते.

खरा सापळा बिलाच्या कोपऱ्यात छापलेला असतो: 'किमान देय रक्कम'. व्याजाचा दर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १०,००० रुपये थकले आणि किमान म्हणून पाच टक्के, ५०० रुपये भरले, तर महिन्याचं व्याज ३५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३, असे ४१३ आधीच गेले. मुद्दल उतरलं ८७ रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आणि कार्डाने एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून. सावकारी म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्याच्या अगदी शेजारचं घर आहे हे. ज्याला बिल पूर्ण भरता येणार नाही त्याने हे कार्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गफलत तडजोडीची. लोकअदालतीत बँक म्हणते, लाखातले साठ हजार भरा, प्रकरण मिटवू. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. अहवालात मात्र त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि पुढची प्रत्येक बँक तो वाचते: याने पूर्ण दिलं नव्हतं. पुढे कधी हातात पैसे आले तर उरलेली रक्कम भरून, बँकेकडून नो ड्यूज दाखला घेऊन, शेरा 'क्लोज्ड' असा बदलून मागता येतो. 'सिबिल सुधारून मिळेल' असे फलक लावून बसलेल्यांना यासाठी हजारो रुपये देणारे लोक आहेत. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि खोटी नोंद फुकट दुरुस्त होते, मग तो बसलेला माणूस नेमकं काय विकतो?

खोट्या नोंदीचा प्रश्न सातपुड्यात थोडा जास्तच खरा आहे. आडनावं मोजकी: पावरा, वसावे, पाडवी, वळवी. नावंही गावोगाव तीच. त्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण शाळांची ती प्रसिद्ध जन्मतारीख, १ जून, जी गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी हजारो मुलांना वाटली. नाव एक, गाव एक, जन्मतारीख एक. एकाचं थकलेलं कर्ज दुसऱ्याच्या अहवालात चढायला आणखी काय लागतं? पॅन क्रमांक बरोबर नोंदला आहे ना, हे पाहणं म्हणून इथे महत्त्वाचं. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

बाकी, पत मोजण्याचं एक यंत्र तोरणमाळच्या पाड्यांवर आधीपासून चालू आहे आणि त्याला वीजही लागत नाही. बचत गटाची पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. कोणत्या बाईने किती घेतलं, कधी फेडलं, हे गटाच्या वहीत असतं. आणि पावसात तिची गाय मेली म्हणून दोन महिने थांबायचं ठरलं, हेही त्याच वहीत असतं. कॅलिफोर्नियाच्या गणितात जी जागा नाही ती या वहीत आहे. १ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात गटातल्या महिलांसाठी आणि ग्रामीण माणसांसाठी 'ग्रामीण क्रेडिट स्कोअर' तयार करण्याची घोषणा झाली, ती याच वहीकडे पाहून. ती वही वाचताना गाईची ओळही वाचली जाईल का, हे पाहायचं. दरम्यान, शेतकऱ्याला १९९८ पासून असलेलं किसान क्रेडिट कार्डही कर्जच आहे आणि त्याचीही नोंद होते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत त्याला तारण लागत नाही. आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून परत पाठवू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने लोकसभेत ते पुन्हा स्पष्ट केलं. काउंटरवर ऐकवण्यासाठी हे वाक्य लक्षात ठेवा.

चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो, आणि तो आपला आपण मागवला तर आकडा कमी होत नाही. तक्रार ऐकली गेली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी फोन १४४४८. आधी अहवाल मागवा, नाव, पॅन आणि जन्मतारीख ताडून पाहा. कार्डाचा अर्ज त्यानंतर.